बारा रांजण सरकीत, एक भुयारात

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि मी गेली काही वर्षं याच जिल्ह्यात द्राक्षं आंबवण्याची नोकरी करते. हे मी एकदा नागपूरला एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंना सरळ सांगून टाकलं. त्यांनी पदर सावरला आणि खुर्ची थोडी पलीकडे घेतली. तेव्हापासून मी "औषधाच्या कारखान्यात असते" एवढंच सांगते. तेही खोटं नाही.

कारखाना सेलूच्या बाहेर, कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी करणाऱ्या पण आता बंद पडलेल्या एका जिनात आहे. आम्ही चूर्णं करतो, तेलं करतो, काढे करतो. पण गिऱ्हाईक दुकानाच्या फळीवर कोपर टेकून मागतं ते द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. भूक लागत नसेल, खोकला हटत नसेल, बाळंतपणानंतर अंगात ताकद नसेल, तर वैद्य ते देतात. त्याला परवाना असतो, त्याची तपासणी होते, बाटलीला सील असतं.

सुरुवातीचे काही महिने मला दुपारी कारखान्याला लागूनच असलेल्या दुकानाच्या खिडकीवरही बसावं लागे. मी लाजाळू. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चारचौघांत मराठी बोलताना वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याशी बोलू लागलेलं असे. त्यामुळे मी ऐकलं मात्र खूप. एक एसटीचा कंडक्टर दर तिसऱ्या दिवशी बाटली न्यायचा. "खोकला जाऊनच नाई राह्यला वो बाई," असं डोळे खाली घालून म्हणायचा. आंबवणी बघणारे आमचे उकंडराव मागून म्हणत, "कसा जाईन? रोज पाहुणचार होते त्याचा."

आणखी एक गिऱ्हाईक विसरता येत नाही. आष्टीचे एक निवृत्त हेडमास्तर. स्वच्छ खादी, हातात छत्री. पत्नीसाठी वैद्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी फळीवर ठेवली आणि विचारलं, "यात मद्य असतं का? मला खरं सांगा." आजूबाजूचे सगळे एकदम म्हणाले, "छे छे गुरुजी, औषध हाये ते." गुरुजी माझ्याकडेच पाहत राहिले. मी म्हटलं, "असतं. आम्ही घालत नाही, ते आत तयार होतं. त्याच्यामुळेच औषध टिकतं." मग त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि पाव तास माझ्याकडून सगळं समजून घेतलं. जाताना म्हणाले, "मग मी घरी 'असतं' असंच सांगतो. घ्यायचं की नाही ते ती ठरवेल." महिन्याभराने कार्ड आलं. "घेतले. भूक लागू लागली आहे." हे कार्ड मी जपून ठेवलं आहे. खरं सांगून एखादी बाटली विकली गेल्याचा माझा तो पहिलाच अनुभव.

गुरुजींना सांगितलं ते थोडक्यात इथेही सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आसव म्हणजे न उकळता आंबवलेलं औषध. द्राक्षं कुस्करायची. त्यात गूळ, मध, धायटीची वाळलेली फुलं आणि दालचिनी, वेलदोडा, पिंपळी यांची भरड घालायची. हे सगळं कमरेइतक्या उंच, चिनी मातीच्या रांजणात भरायचं. तोंडावर फडकं बांधून ते मातीने लिंपायचं आणि थांबायचं. द्राक्षाच्या सालीवर आणि धायटीच्या फुलांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, जिलबीच्या पिठाला फुगवतात तसलेच. ते गोडी खातात. तिचा मद्यार्क होतो आणि वायू होतो. वायू बाहेर पडताना रांजण आतून फसफसतो. गोडी संपत आली की फसफस मावळते, गाळ तळाशी बसतो, आणि वरचं निवळ ते आसव.

रांजण तयार झाला की नाही हे ओळखण्याची जुनी रीत आहे. लिंपणाला भोक पाडून तोंडाशी पेटलेली काडी धरायची. आत वायू असेल तर काडी विझते. जळत राहिली तर काम संपलं. उकंडराव आधी रांजणाला कान लावून ऐकत, मग काडी धरत. पंचवीस वर्षं ते आंबवणीचे मुख्य होते, त्यांच्याआधी त्यांचे वडील. मी त्यांना काका म्हणायची. ते मला बाई म्हणत आणि माझ्याकडे न बघता बोलत.

जुन्या ग्रंथांत लिहिलंय की आसवाचं भांडं धान्याच्या राशीत पुरून ठेवावं, म्हणजे ऊब सारखी राहते. आमच्याकडे कापसाचा मुलूख. कोणा शहाण्या माणसाने धान्याऐवजी सरकी वापरली आणि तीच रीत पडली. जिनाच्या जुन्या गोदामात सरकीचा डोंगर असे, त्यात गळ्यापर्यंत रांजण पुरायचे. मार्गशीर्ष-पौषात मनुकांचं आसव लावलं जाई तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी असे आणि सरकी गोधडीसारखं काम करी. रीत चांगलीच होती. ती थंडीसाठी होती, हे मात्र कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

मी आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. कारखान्याचे मालक वैद्य होते, सत्तरीचे. सगळे त्यांना दादाजी म्हणत, मी एकटी "सर" म्हणायची आणि बाकीचे हसायचे. त्यांनी मला वर्षभरासाठी ठेवून घेतलं होतं. रसायनशास्त्राची पदवी, एक टेबल, दोन थर्मामीटर आणि गोडी मोजायची काचेची नळी एवढी माझी प्रयोगशाळा. तपासणी बाहेरून करून घेता येत होती, त्यामुळे माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. घरी नागपूरला माझ्यासाठी शाळेतल्या एका नोकरीचं जवळजवळ ठरलेलं होतं. मला ती नको होती. का नको होती ते इथे लिहीत नाही.

त्या वर्षी मनुका महाग झाल्या म्हणून दादाजींनी ताज्या काळ्या द्राक्षांचं आसव जास्त लावायचं ठरवलं. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे नामदेवराव विहिरीजवळच्या तुकड्यात द्राक्षं लावून होते. कपाशीच्या गावात मांडव घातला म्हणून लोक त्यांना हसत. ते भाद्रपदातच छाटणी करत, म्हणजे इकडचं ऊन तापायच्या आत माल निघावा. पण त्या वर्षी थंडी हटेना. माघ संपला तरी सकाळी तोंडातून वाफ निघायची. मणी पिकायला तीन आठवडे उशीर झाला. फाल्गुनात एका सकाळी नामदेवराव टोपल्या घेऊन आले आणि गाडीजवळच उभे राहिले.

"माल आनला दादाजी, पन दाखवाची लाज वाटून राह्यली."

मणी बारीक होते, गुंजेपेक्षा थोडे मोठे म्हणा. देठ निवडणाऱ्या बायकांची मुकादम पंचफुलाबाई. तिने एक मणी चावला आणि म्हणाली, "बाई वो, हे द्राक्षं होय का चिंचा?"

उकंडरावांनी दोन मणी तोंडात टाकले, एक डोळा मिटला. "याचं आसव नाई होत. लोणचं घाला. नामदेवराव, पाणी देऊन राह्यलते का ताक?"

दादाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची नळी काय म्हणते, बाई?"

मी रस गाळून नळी सोडली. गोडी थोडी कमी होती, आंबटपणा खूपच जास्त. पण साल! सुरुवातीला मी फक्त मोजत होते, मग माझी बोटं दिसली. ती मुळापर्यंत जांभळी झाली होती आणि धुऊन निघत नव्हती. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं, हाताला पहिल्यांदा लागत होतं. कडक उन्हात द्राक्ष घाईने पिकतं. गोडी चढते, पण आंबटपणा जळून जातो आणि सालीला रंग धरायला वेळ मिळत नाही. थंडीत ते रेंगाळतं. आंबटपणा राहतो, साल जाड होते, रंग साठतो. लाल रंग गरात नसतो, सगळा सालीत असतो. आणि आंबटपणा रंगाला धरून ठेवतो, औषध लवकर बिघडूही देत नाही.

हे सगळं मला इंग्रजीत माहीत होतं. बोलायची वेळ आली तेव्हा मी बोटं पुढे केली.

"सर, गोडी गुळाने भरून काढता येईल. मागच्या वर्षीच्या बाटल्या मी पाहिल्या आहेत, त्या विटकरी झाल्या आहेत. हे लाल होईल. आणि टिकेल."

तिथे आल्यापासून मी एका दमात एवढं बोलले नव्हते. दादाजींनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग टोपल्यांकडे.

"उतरवून घ्या," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या शब्दावर घेतोय. साधलं तर तुम्ही पुढेही इथेच. नाही साधलं तर पुन्हा मनुका आणि उकंडराव. एका रांजणाला दोन डोकी मला नकोत."

तेरा रांजण भरले. उकंडरावांनी नेहमीप्रमाणे सरकीत खड्डे करायला लावले. मी हळूच म्हटलं, "काका, एक रांजण मला द्याल? खालच्या भुयारात ठेवायला." जिन चालू होता तेव्हा त्याचे पट्टे जमिनीखालून फिरायचे. त्यासाठी खोदलेली ती दगडी खोली, सहा पायऱ्या उतरून. तिथे गारवा होता. एक थंडीत आणि एक उबेत, असं शेजारीशेजारी मोजून बघावं एवढाच माझा विचार. बाकी बाराही तिथेच ठेवा असं म्हणायला हवं होतं, पण तेवढी खात्री नव्हती आणि तेवढं धाडसही नव्हतं.

"घ्या न," उकंडराव म्हणाले. "लेकराले खेळणं पाह्यजेच."

म्हणून बारा रांजण सरकीत आणि एक भुयारात. माझा रांजण मी लिंपला नाही, नुसतं फडकं बांधलं. साली वायूबरोबर वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातून दोनदा लाकडी उलथन्याने खाली दाबायची, म्हणजे रंग रसात उतरत राहतो. भुयारात उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायची. आंबवणीचा वायू जड असतो, जमिनीलगत साठतो, माणसाला कळण्याआधी चक्कर येते. कंदील मिणमिणला की थोडा वेळ वर थांबायचं. पंचफुलाबाई विचारायची, "कोनाले ओवाळून राह्यली वो बाई?"

चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, आणि पाठोपाठ थंडी गेली ती गेलीच. आमच्याकडे फाल्गुन एकदा तापला की थांबत नाही. गोदामाचे पत्रे भिंतीच्या बाजूने गळत होते. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सरकी ओली होते आणि वाळते.

सातव्या दिवशी उकंडरावांनी रांजणांना कान लावला. गप्प. लिंपण फोडून काडी धरली. काडी जळत राहिली. दुसऱ्या रांजणावर, तिसऱ्यावर, बाराही रांजणांवर काड्या जळत राहिल्या.

"सात दिवसांत!" ते ओरडले. "माह्या बापाच्या हातूनबी सात दिवसांत झालं नाई."

गूळ वाटला गेला. दादाजी स्वतः येऊन पाठ थोपटून गेले. मीही गूळ खाल्ला. भुयारातल्या माझ्या रांजणात मात्र अजून संथपणे फसफस चालली होती, आणि पंचफुलाबाई म्हणाली, "बाईचा रांजण ढ हाये."

दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी एका रांजणातून पेलाभर काढून नळी सोडली. नळी वरच तरंगत राहिली. म्हणजे रस अजून खूप गोड होता. निम्मंसुद्धा काम झालेलं नव्हतं. थर्मामीटर सोडला. एकोणचाळीस. भिंतीकडच्या रांजणात त्रेचाळीस.

मला कळलं. ओली सरकी आतून तापते, शेणखताचा ढीग तापतो तशी. आंबवणारे जीव उष्णतेने मेले होते. उरलेली गोडी आता दुसऱ्याच जिवांच्या वाट्याला जाणार होती, जे आसवाचा सिरका करतात.

हे कळूनही मी दोन दिवस बोलले नाही. इथे थोडं स्वतःच्या बाजूने लिहिता येईल. मी नवी होते, वयाने लहान होते, गूळ वाटून झाला होता, माझी नळी चुकत असेल असं वाटलं. मी पुन्हा पुन्हा मोजलं. पण खरं हेच की ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बापापेक्षा चांगलं जमल्याचं वाटत होतं, त्याच्यासमोर जायचं मला धैर्य झालं नाही. आणि आसव बिघडलं म्हटलं की माझी नोकरीही संपेल, हेही मनात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदामात शिरताच भिंतीकडच्या चार रांजणांचा वास आला. नाकात झोंबणारा. मी सरळ दादाजींकडे गेले. उकंडराव तिथेच गाळणीची फडकी मोजत होते.

"सर, बाटल्या भरू नका. आसव झालेलं नाही."

"काऊन?" उकंडरावांनी विचारलं. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.

"ते अजून गोड आहे, काका. आणि भिंतीकडचे चार आंबट व्हायला लागलेत."

"काडी जळून राह्यली. काडी जळली म्हणजे झालं. माह्या बापानं हेच पाह्यलं, मी हेच पाहून राह्यलो. तुमच्या नळीले काय कान हायेत का?"

"काडी खोटं नाही सांगत," मी म्हटलं. "वायू थांबला एवढं ती सांगते. काम संपलं म्हणून थांबला, की काम करणारेच मेले म्हणून थांबला, हे काडीला कळत नाही."

मी गोदामाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "भिंतीजवळच्या सरकीत हात घाला."

उकंडराव उठले, गोदामात गेले. आम्ही मागे. त्यांनी बाही वर करून कोपरापर्यंत हात सरकीत घातला आणि लगेच बाहेर काढला. मग पुन्हा घातला, या वेळी सावकाश, आणि तसाच ठेवला.

"चूल हाये आत," ते म्हणाले.

हात पुसत ते माझ्याकडे वळले. "तुमाले हे कधी कळलं?"

"दोन दिवस झाले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच समजत नव्हतं की रांजण मरत असताना एखादं माणूस गप्प कसं बसू शकतं.

चार रांजण गेले. त्यांचा सिरका झाला. पुढे वर्षभर आम्ही त्याने फरशा आणि भांडी धूत होतो आणि तो वास आला की मी खाली बघायची. त्यातले दोन तरी माझ्या गप्प बसण्याने गेले, असा माझा हिशेब आहे. कोणी मला तसं म्हटलं नाही.

आठ रांजण उरले. ते त्या दिवशीच सरकीतून काढले. एनॅमलच्या बादल्यांनी रस भुयारात नेला, रिकामे रांजण बल्लीला बांधून चौघांनी उतरवले. खाली ओल्या वाळूचा जाड थर घातला, दाराला वाळ्याची ताटी लावली, तिच्यावर दिवसभर पाणी मारायला दोन बायका बसवल्या. पण नुसत्या गारव्याने मेलेलं उठत नाही. जिवंत आंबवण हवं. ते एकाच रांजणात होतं.

"माझ्या रांजणातलं थोडं थोडं प्रत्येकात घालावं लागेल," मी म्हटलं. "पण किती, ते मला नक्की येत नाही. पुस्तकात नुसतं 'हळूहळू' लिहिलंय."

उकंडराव वाळूवर उकिडवे बसले होते.

"म्हणजे विरजण," ते म्हणाले.

"हो."

"मंग एकदम नाई टाकाचं, बाई. एकदम टाकलं तं दबते ते. आधी पेलाभर याच्यात पेलाभर त्याचं. ते बोलाले लागलं का बादलीभर. ते बोललं का मंग रांजण. अन् गोड जास्त अन् जोर कमी असन तं त्याले जेवू घालाच्या आधी अंघोळ घाला."

बोलणं म्हणजे फसफसणं, अंघोळ म्हणजे रस आधी गार करून घेणं. पुढचे आठ दिवस आम्ही तेच केलं. मी थर्मामीटर धरायची, ते कान लावायचे. मी म्हणायची, "काका, चोवीस," ते म्हणायचे, "बोलत नाई अजून, थांबा." घाई करायची हौस दोघांनाही उरली नव्हती. मी सालींचं दाबणं शिकवलं, त्यांनी उलथनं कुठे आणि किती दाबायचं ते सुधारलं. माझं दाबणं फार नाजूक होतं म्हणे.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाताने बोलावलं. "या. ऐका."

मी गार रांजणाला कान लावला. दूर कुठेतरी कोणी सुपात ज्वारी पाखडतंय असा आवाज. थांबत नव्हता. आयुष्यात मला बक्षिसं मिळाली आहेत, शाळेत तर पुष्कळ. त्या आवाजाइतकं मोठं काही मिळालेलं नाही.

सरकीत सात दिवसांत जे 'झालं' होतं, त्याला भुयारात सव्वा महिना लागला. मग साली गाळून काढल्या. गाळ बसू दिला, वरचं निवळ दुसऱ्या रांजणात ओतलं, पुन्हा बसू दिलं. बाहेर वैशाखाने रस्त्याचं डांबर पातळ झालं होतं आणि आम्ही दोघं ओल्या वाळूवर चोरासारखे गारव्यात बसलेलो असायचो.

ज्येष्ठात बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा कागद आला. सगळं ठरलेल्या मर्यादेत. दादाजींनी नामदेवरावांनाही रोहण्याहून बोलावून घेतलं. उकंडरावांनी काचेच्या पेल्यात आसव काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. मागच्या वर्षीच्या बाटलीशेजारी ठेवलं तर ती जुन्या विटेसारखी दिसत होती. हे लाल होतं, डाळिंबाचा दाणा उन्हात धरल्यासारखं, आरपार. वास आधी द्राक्षाचा यायचा, मग दालचिनीचा. चव तुरट, थोडी आंबट, गिळल्यावर घशात बराच वेळ राहणारी.

नामदेवरावांनी दोन घोट घेतले. "हे माह्याच मळ्यातलं?" त्यांनी विचारलं. मग उकंडरावांना म्हणाले, "लोणचं बरं झालं हो तुमचं."

उकंडराव हसले नाहीत. त्यांनी पेला पुन्हा उजेडात धरला. मी तेव्हा हातातल्या फडक्याच्या घड्या घालत उभी होते, कारण मला माहीत होतं पुढे काय येणार. आठ रांजण साधले होते, भुयारातला नववा. पण चार गेले होते, आणि दादाजींनी 'साधलं तर' म्हटलं होतं. याला साधलं म्हणायचं का, हे कोणी ठरवायचं?

दादाजींनीही तो प्रश्न स्वतःकडे ठेवला नाही. "उकंडराव, आंबवणी तुमच्या हातची. तुम्हीच सांगा. बाईंना ठेवायचं की पुन्हा पूर्वीसारखं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता ते दोन दिवसांचं काढतील. काढलं असतं तर मी नाही म्हणू शकले नसते.

"बाईचं मले काय इचारता," ते म्हणाले. "मले तं तसली एक काचेची नळी घेऊन द्या. अन् तो पारा. माह्या कानानं मले एकदा फसवलं, आता मी त्याच्यावर एकट्यावर काम नाई सोडत."

"घेऊ की," दादाजी म्हणाले.

"पन मले आकडे वाचता येत नाई."

"मग?"

"मंग काय? वाचाले बाई लागन नं. अन् बाई," ते माझ्याकडे वळले, "वाचलं का त्याच टायमाले सांगजा. दुसऱ्या दिवशी नाई."

दादाजी मोठ्याने हसले. नामदेवरावही. मी "हो काका" म्हटलं, पण ते कोणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी पत्र टाकलं की शाळेच्या नोकरीसाठी माझी वाट पाहू नये. मग कंदील दोरीला बांधून भुयारात सोडला, पायऱ्या उतरले, पारा पाहिला आणि तिथूनच, वर दुकानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "काका, चोवीस!"